डावा पाय रिकामा झाला

साताऱ्यात मी गेली सत्तावीस वर्षं गाडी शिकवते. पहिली गाडी मारुती ८००. तिच्या गिअरच्या मुठीवरचे आकडे हात लागून लागून पार पुसले गेले होते. मग अल्टो आली, आता वॅगनआर आहे. इतकी वर्षं शिकायला येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "मॅडम, किती दिवसांत येईल?" गेल्या चार-पाच वर्षांत तो बदलला. आता दारातूनच विचारतात, "ऑटोमॅटिकवर शिकवता का?"

गेल्या दिवाळीत माझ्या ड्रायव्हिंगच्या शाळेसाठी नवी गाडी बघायला निघाले. मला क्लचवालीच हवी होती. जरा दणकट, मागच्या सीटवर तीन जण नीट बसतील अशी. शोरूममधल्या मुलानं कॉम्प्युटरवर दोनदा बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, ह्या इंजिनला आता मॅन्युअल येतच नाही." मुलगा नम्र होता, त्याचा काही दोष नव्हता. पण मी घरी येईपर्यंत गप्पच होते. सत्तावीस वर्षं जे हातापायांनी शिकवलं, ते यादीतून काढून टाकल्यासारखं वाटलं. ते शिकवताना मला जे कळलं, ते लिहून ठेवते आहे.

१. पहिला धडा ॲक्सिलरेटरशिवाय द्यावा

नव्या माणसाला मी सपाट मैदानावर नेते आणि उजवा पाय पूर्ण मागे घ्यायला लावते. इंजिन चालू, पहिला गिअर, क्लच तळाला. "आता डावा पाय सोडायचा. पायाखाली अंडं आहे असं समजून सोडा."

पेडल निम्म्यापर्यंत येतं. काहीच होत नाही. अजून कणभर. मग इंजिनाचा आवाज जाड होतो. बॉनेट किंचित वर उचलल्यासारखं होतं. स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर येते. "थांबा. पाय इथंच धरा." आणि गाडी मुंगीच्या पावलांनी पुढे सरकते. शिकणाऱ्याचा चेहरा त्या वेळी बघावा. ॲक्सिलरेटर दाबल्याशिवाय गाडी चालते, हे कुणाला खरंच वाटत नाही.

आत काय झालं ते मग मी वहीवर काढून दाखवते. इंजिनाची एक तबकडी सतत फिरत असते. तिच्यासमोर दुसरी तबकडी, ती गिअरमधून चाकांकडे जाते आणि गाडी उभी असताना थांबलेली असते. पाय सोडला की दोघी एकमेकींना टेकतात, थोडा वेळ घासतात आणि मग एका वेगानं फिरू लागतात. त्या टेकण्याच्या जागेला आमच्या धंद्यात हाफ क्लच म्हणतात. ती जागा प्रत्येक गाडीत वेगळी असते. क्लचप्लेट झिजली की ती वर वर सरकते. म्हणून दुसऱ्याच्या गाडीत बसलं की जाणता ड्रायव्हर आधी क्लच चाचपतो.

ही जागा डोळ्यांनी सापडत नाही. कानानं आणि तळपायानं सापडते. एक शिक्षिका माझ्याकडे यायच्या, वय पंचेचाळीसच्या आसपास. पहिले चार दिवस दर वेळी गाडी झटका खाऊन बंद. पाचव्या दिवशी त्यांनी मला न विचारता खिडकीची काच वर केली, पंखा बंद केला. "आवाज ऐकू येत नाहीये," म्हणाल्या. त्या दिवशी त्यांना गाडी आली. बाकीचे दिवस नुसता सराव.

गाडी चालवणं म्हणजे आधी गाडीचं ऐकणं, हे माझं ठाम मत आहे. क्लच हे ऐकायला भाग पाडतो. ऑटोमॅटिक गाडी सगळं स्वतःच ऐकून घेते, म्हणून चालवणाऱ्याचा कान तयार होत नाही. माझी काळजी आहे ती एवढीच. क्लचच्या पेडलवर माझा काही वेगळा जीव नाही.

२. बंद पडलेली गाडी कुणाला मारत नाही

शिकणाऱ्याला सगळ्यात लाज वाटते ती चौकात गाडी बंद पडल्याची. पोवई नाक्यावर मागून हॉर्न सुरू झाले की घाम फुटतो. मी सांगते, घाबरू नका, ही गाडी तुम्हाला सांभाळते आहे. तुम्ही चुकलात आणि ती थांबली.

ऑटोमॅटिक चुकल्यावर थांबत नाही. डीमध्ये टाकून ब्रेकवरचा पाय उचलला की ती आपोआप सरकू लागते. गांगरलेल्या माणसाचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडला तर तिला अडवणारं मधे काही नाही. पार्किंगमध्ये भिंतीवर चढलेल्या, ओट्यावर गेलेल्या गाड्यांच्या बातम्या आपण वाचतो, त्यातल्या कितीतरी अशाच पायाच्या चुकीच्या असतात. क्लचवाल्या गाडीत घाबरलेला माणूस दोन्ही पाय दाबतो, आणि क्लच दाबला गेला की इंजिनाचा जोर चाकांकडे जात नाही.

आमच्या शाळेच्या गाडीला डबल कंट्रोल असतो. माझ्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच. ऑटोमॅटिकमध्ये माझ्या पायाखाली फक्त ब्रेक. ऑटोमॅटिकवर शिकवताना माझा पाय त्यावरून क्षणभरही हलत नाही. संध्याकाळी पोटरी दुखते ती त्यामुळे.

३. ज्या गिअरनं चढलात, त्याच गिअरनं उतरा

हे वाक्य माझं नाही. माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. साताऱ्याहून मेढ्यावरून महाबळेश्वर, केळघरचा घाट, एकतीस वर्षं. त्यांच्या तरुणपणीच्या गाड्यांना गिअर सहजासहजी पडायचा नाही. डबल क्लच मारावा लागे. क्लच दाबायचा, न्यूट्रल करायचं, क्लच सोडायचा, रेस देऊन इंजिन वर आणायचं, परत क्लच दाबायचा आणि मग खालचा गिअर. हे सगळं वळणाच्या आधी, पन्नास माणसं मागे बसलेली असताना. गिअर चुकला तर पूर्ण बस कडाडायची. बाबा म्हणायचे, "घाटात काच खाली ठेवायची. आवाज दरडीवर आदळून परत येतो, इंजिन काय म्हणतंय ते कळतं."

उतारावर खालच्या गिअरमध्ये गाडी ठेवली की इंजिन स्वतः गाडीला मागे धरतं. चाकं इंजिनाला फिरवतात आणि त्यात त्यांचा जोर खर्च होतो. ब्रेकवरचा भार कमी होतो. न्यूट्रल करून उतरलात की गाडीचं सगळं वजन ब्रेकच्या गळ्यात. ब्रेक तापतो, आणखी तापतो, आणि एका वळणावर पेडल दाबलं तरी गाडी धरत नाही. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार ह्याच कारणानं बदनाम झाला आहे. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडलेले ट्रक. वाचतं ते चार रुपयांचं डिझेल.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १५ लायसन्सच्या परीक्षेत काय बघायचं ते सांगतो. उतारावर चटकन खालच्या गिअरमध्ये येता आलं पाहिजे, आणि तीव्र चढावर थांबून मागे न घसरता गाडी उचलता आली पाहिजे, असं त्यात स्पष्ट आहे. ज्यांनी हे लिहिलं त्यांनी घाट बघितलेला असणार. प्रत्यक्ष परीक्षेत उतारावरचा गिअर किती ठिकाणी तपासला जातो, हा वेगळा प्रश्न. मी तरी यवतेश्वरच्या घाटावरून तीनदा उतरवल्याशिवाय कुणाला परीक्षेला पाठवत नाही. चढताना दुसरा, उतरताना दुसरा. पायथ्याशी आल्यावर गाडी थांबवून चाकाजवळ हात नेऊन बघायला लावते. रिमजवळ धग नाही म्हणजे उतरणं जमलं.

ऑटोमॅटिकवाल्यांना वाटतं, हे आपल्याला लागू नाही. लागू आहे, दुप्पट लागू आहे, कारण तुमची गाडी उतारावर वेग बघून वरचा गिअर टाकून मोकळी होऊ शकते. ऑटोमॅटिकचे प्रकार पुढच्या मुद्द्यात सांगते, पण त्यातल्या एएमटीत दांडी एमकडे घ्या आणि दुसऱ्यात ठेवा. पुष्कळ सीव्हीटींत एल किंवा बी असं अक्षर असतं, ते ह्यासाठीच असतं. कितीतरी लोकांनी गाडी घेतल्यापासून त्याला हात लावलेला नाही. इलेक्ट्रिक गाडीत उतारावर मोटर जनित्रासारखी चालून बॅटरी भरते आणि गाडीला धरते, तेही उत्तमच. पण बॅटरी वरपर्यंत भरलेली असेल तर पुष्कळ गाड्यांत ते धरणं ढिलं पडतं, कारण आलेली वीज ठेवायला जागाच नसते. पाचगणीत मुक्काम करून, रात्रभर चार्जिंग लावून, सकाळी पसरणीचा घाट उतरणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते. शंभर टक्के भरू नका, नव्वदवर थांबा.

मध्यंतरी बाबांना ई-शिवाईनं पुण्याहून आणलं. २०२२ च्या १ जूनला पुणे–अहमदनगर मार्गावर ही इलेक्ट्रिक एसटी पहिल्यांदा धावली. १९४८ मध्ये त्याच तारखेला, त्याच मार्गावर एसटीची पहिली बस निघाली होती, हे बाबांना तोंडपाठ. बसमध्ये आवाज नाही, कडाडणं नाही, गार हवा. त्यांना बस मनापासून आवडली. पण उतार लागला की त्यांचा डावा पाय पुढच्या सीटखाली सरकायचा आणि टाच वर करून फरशी दाबायचा. मी बघत होते. त्यांचं लक्ष खिडकीबाहेर होतं, पाय आपलं काम करत होता.

४. ऑटोमॅटिक म्हणजे एकच वस्तू नव्हे

गाडी घेताना लोक रंगाची चौकशी जास्त करतात. आत कोणती पेटी आहे ते विचारत नाहीत. हे मी कळकळीनं सांगते, कारण ह्यात पैसेही जातात आणि जीवही जाऊ शकतो.

एएमटीत गिअरची पेटी आपल्या नेहमीच्या मॅन्युअलचीच असते. क्लचप्लेटही तीच. फरक इतकाच, की पाय आणि हात तुमचे नसून यंत्राचे. फेब्रुवारी २०१४ मध्ये सेलेरिओ आली आणि स्वस्त गाडीत हे पहिल्यांदा घरोघरी पोचलं. त्याच्या तीनच आठवडे आधी, जानेवारीत, मारुती ८०० चं उत्पादन बंद झालं होतं. ज्या गाडीवर अर्ध्या भारतानं क्लच शिकला ती गेली आणि क्लच न शिकवणारी आली, एकाच हिवाळ्यात. मला हे पुष्कळ उशिरा लक्षात आलं.

सप्टेंबरात कासला फुलं बघायला गर्दी होते तेव्हा यवतेश्वरच्या चढावर गाड्यांची रांग लागते. एकदा अशाच रांगेत पुढच्या गाडीतून वास आला. जळक्या रबरात जळका कागद मिसळल्यासारखा, घशाला लागणारा. मी उतरून गेले. पाच माणसं, एएमटी गाडी, आणि चालवणारा तरुण ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवर गाडी चढाला धरून होता. पाच-सात मिनिटं तशीच. "दादा, आत क्लच घासतोय. ब्रेक दाबा, हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रल करा." तो म्हणाला, "पण ह्याला तर क्लचच नाही ना?" त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. गाडी विकणाऱ्यानंही नाही, शिकवणाऱ्यानंही नाही. ज्यानं एकदा हाफ क्लचवर चढावर गाडी धरून स्वतः तो वास काढला आहे, त्याला हे सांगावं लागत नाही.

आणखी एक. बहुतेक एएमटीत पी, म्हणजे पार्किंग, नसतो. दुसऱ्या ऑटोमॅटिकची सवय असलेला माणूस दांडी न्यूट्रलला ठेवून उतरतो आणि गाडी मागे चालू लागते. एएमटी लावताना गिअरमध्ये ठेवायची, हँडब्रेक ओढायचा, मग चावी काढायची.

डीसीटीत दोन क्लच असतात, एक विषम गिअरांचा, एक सम गिअरांचा. पुढचा गिअर आधीच तयार असतो, म्हणून बदल कळतही नाही. पण कोरड्या क्लचची डीसीटी रांगेत इंच इंच सरकवत राहिलात तर तापते, तिला अंतर पडू द्यावं आणि मग एकदम पुढे न्यावं. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेल मधे असतं, ती ह्या सगळ्यांत सोशिक. सीव्हीटीत ठरावीक गिअर नसतातच, दोन पुल्या आणि पोलादी पट्टा. आणि २०२० मध्ये आलेली आयएमटी, तिच्यात क्लचचं पेडल नाही पण दांडी आपणच हलवायची. ह्यातली कोणती तुमच्या दारात आहे, एवढं तरी माहीत असावं.

५. ऑटोमॅटिकला नावं ठेवू नयेत

मी ठेवायचे, तरुणपणी. मग एक काकू आल्या. अठ्ठावन्न वय, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, यजमान नुकतेच गेलेले. गाडी दारात उभी आणि चालवणारं कुणी नाही. दोन ठिकाणी त्यांना "ह्या वयात कशाला" म्हणून परत पाठवलेलं. मी त्यांच्या स्वतःच्या ऑटोमॅटिक गाडीवर एकवीस दिवस शिकवलं. बाविसाव्या दिवशी त्या एकट्या वाईला गेल्या, माहेरी. पोचल्यावर फोन केला, तेव्हा दोन मिनिटं दोघींनाही बोलता आलं नाही.

एका पायानं अधू असलेली मुलं, हिंजवडीच्या रांगेत रोज दोन-दोन तास पहिला-दुसरा करणारी माणसं, सांधेदुखीनं बेजार झालेले गृहस्थ, ह्यांना ऑटोमॅटिकनं काय दिलं ते मी बघितलं आहे. माझा स्वतःचा डावा गुडघा पावसाळ्यात बोलतो. ज्याला गरज आहे त्याला ते मिळालंच पाहिजे. पण ज्याला क्लच हवा आहे त्यालाही तो मिळाला पाहिजे, इतकंच म्हणणं आहे.

६. मायलेजवरून भांडू नये

हा वाद जुना झाला. पूर्वीची ऑटोमॅटिक पेट्रोल जास्त प्यायची, म्हणून लोकांच्या डोक्यात ते बसलं. आजच्या एएमटीत फरक नावापुरता, आणि हायब्रिड तर सगळ्यांना मागे टाकते. ह्या मुद्द्यावर मॅन्युअलची बाजू घेऊ नका, हराल.

७. गिअर वरच्या मॉडेलमधून आधी जातो

लोक म्हणतात, आपल्याकडे कुठं मॅन्युअल जातंय, रस्त्यावर बघा, निम्म्याहून जास्त गाड्या क्लचवाल्याच आहेत. खरं आहे. पण पाणी आटतं ते काठाकडून. आधी महागड्या गाड्यांतून मॅन्युअल गेला, मग मधल्या गाड्यांच्या चांगल्या इंजिनांतून जाऊ लागला. २०२२ च्या अखेरीस आलेली इनोव्हा हायक्रॉस पहिल्या दिवसापासून क्लचशिवाय. त्याच घरातली डिझेलची क्रिस्टा २०२३ मध्ये परत आली, ती मात्र फक्त पाच गिअरच्या मॅन्युअलमध्ये, आणि टुरिस्टवाल्यांनी तिचं स्वागत केलं. जानेवारी २०२४ च्या क्रेटात टर्बो पेट्रोल घ्यायची तर डीसीटीच. पुढे क्रेटाचीच एन लाइन आली तेव्हा त्याच इंजिनाला सहा गिअरचा मॅन्युअल मिळाला. सेल्टॉसच्या डिझेलमधून २०२३ मध्ये साधा मॅन्युअल काढला होता, तो पुढे परत आला. म्हणजे गेलेली वस्तू परत येते, मागणारं कुणी असेल तर.

कंपन्या हे वैरानं करत नाहीत. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे नियम आले. इंजिन आणि गिअरबॉक्सची प्रत्येक जोडी धुराच्या कसोटीवर वेगळी उतरवावी लागते. एकाच इंजिनाला मॅन्युअल, एएमटी, डीसीटी असं सगळं द्यायचं तर तितक्या वेळा खर्च. जी जोडी कमी खपते ती कापली जाते. त्यात नवी सोय आली, पुढच्या गाडीमागे आपोआप थांबायची आणि आपोआप निघायची. ती क्लचच्या पेडलबरोबर नांदत नाही. आणि इलेक्ट्रिक गाडीत तर गिअर बदलावाच लागत नाही. पेट्रोलचं इंजिन ठरावीक फेऱ्यांतच जोर देतं, त्या फेऱ्यांत त्याला ठेवायला गिअर लागतात. मोटर उभ्या जागेवरून पूर्ण जोर देते. मग दांडी कशाला हवी?

हे सगळं मला पटतं. न पटणारी गोष्ट एकच. एअरबॅग जास्त हव्यात, मागचा कॅमेरा हवा, चांगले दिवे हवेत, की सांगतात वरचं मॉडेल घ्या, आणि वरच्या मॉडेलात क्लच नाही. क्लच हवा तर खालचं घ्या, कमी सोयींचं. सुरक्षितता आणि क्लच ह्यांतलं एक निवडायला लावणं मला योग्य वाटत नाही. शोरूममध्ये मी हे त्या मुलाला सांगितलं. त्यानं कागदावर लिहून घेतलं. पुढं पोचलं का, ते कळलं नाही.

८. चेतक डोळ्यांसमोर ठेवावी

गिअर जाणं पुणे-साताऱ्याकडच्या माणसाला नवं नाही. बजाज चेतक १९७२ मध्ये आली, आकुर्डीत बनायची. डाव्या मुठीत क्लच आणि त्याच मुठीचा पीळ म्हणजे गिअर. मी पहिल्यांदा गिअर बदलला तो चेतकवर, काकांच्या मागे लागून. मनगट वर पिळलं की पहिला, खाली सोडत सोडत दुसरा, तिसरा, चौथा. ती मूठ सैल झाली की दोन गिअरच्या मधे अडकायची.

मग कायनेटिक होंडा, मग ॲक्टिव्हा, आणि बघता बघता गिअरची स्कूटर संपली. चेतकही बंद झाली. २०२० मध्ये त्याच नावानं परत आली, विजेवरची, पिळायला गिअर नाही. बायकांना, पोरींना बिनगिअरच्या गाडीनं घराबाहेर काढलं, ह्यात शंका नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या निम्म्या बायका आधी स्कूटीवर हिंडलेल्या असतात. पण आज विशीतल्या मुलीला मी क्लच म्हणजे काय ते विचारलं तर तिच्या हाताला कसलीच आठवण नसते. पूर्वी चेतक, एम-८०, राजदूत चालवलेला माणूस मोटारीत बसला की अर्धा क्लच शिकलेलाच असायचा. स्कूटरमधून गिअर गेला तेव्हा मोटारीच्या शिकवणीचे चार दिवस वाढले. असा हिशेब कुणी मांडत नाही, मी वहीत मांडलेला आहे.

माझा मामा मुंबईत टॅक्सी चालवायचा. त्याच्या प्रीमियर पद्मिनीची गिअरची दांडी स्टिअरिंगखाली. पुढे त्याच्या शेजारी दोन माणसं आरामात बसायची. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी निघाली, तेव्हा त्यानं पेपरातला फोटो कापून पाकिटात ठेवला. अजून आहे.

९. लायसन्स एकच असतं, म्हणून शिकवणाऱ्यानं जपावं

मोटार वाहन कायद्यात दुचाकीचे दोन वर्ग आहेत, गिअरची आणि बिनगिअरची. मोटारीला तसं नाही. हलकं मोटार वाहन, एकच वर्ग. ऑटोमॅटिकवर परीक्षा दिलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी क्लचवाली गाडी घेऊन घाटात जायला कायदा अडवत नाही. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर पास झालात तर फक्त ऑटोमॅटिकच चालवायची परवानगी मिळते. माझा एक विद्यार्थी तिकडे नोकरीला गेला. त्यानं तिथं परीक्षा मुद्दाम मॅन्युअलवर दिली आणि कळवलं, "मॅडम, चढावर गाडी उचलताना परीक्षक बघतच राहिला. यवतेश्वर आठवला."

आपल्याकडे असा भेद कायद्यात यावा का, ह्यावर माझं मत पक्कं नाही. त्या काकूंसारख्यांच्या वाटेत आणखी एक अडसर नको. पण तोवर शिकवणाऱ्यानं स्वतःचा नियम करावा. मी केला आहे. हातपाय धड असलेल्या माणसाला पहिले बारा दिवस क्लच, मग हवं तर ऑटोमॅटिक. काही जण ऐकून निघून जातात, शेजारच्या गल्लीत दुसरी शाळा आहे. फी जाते. जाऊ दे. जे थांबतात, ते ऑटोमॅटिकवर बसल्यावर उतारावर स्वतःहून विचारतात, "मॅडम, आता हिला खालचा कसा टाकायचा?" हा प्रश्न त्यांच्या तोंडून यावा म्हणूनच ते बारा दिवस.

१०. हवं ते दुकानात नसेल तर थांबावं

शोरूममधून त्या दिवशी मी गाडी न घेताच परतले. महिनाभर फिरले. कराड, कोल्हापूर, पुणे. शेवटी एका छोट्या गाडीचं मधलं मॉडेल सापडलं. पाच गिअर, क्लच, सहा एअरबॅग. मागचा कॅमेरा नाही, तो मी बाहेरून बसवून घेईन. रंग पांढरा मिळाला नाही, करडा आहे. विक्रीवाल्यानं दोनदा विचारलं, थोड्या जास्त पैशांत एएमटी मिळते आहे, शिकवायला सोपी जाईल. मी बुकिंगच्या कागदावर मॅन्युअल ह्या शब्दाखाली पेनानं रेघ मारून घेतली.

गाडी पुढच्या आठवड्यात येते. आधी डबल कंट्रोल बसवायला जाईल, मग पासिंग. बाबा चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, जिना उतरताना हात धरावा लागतो. पण त्यांनी सांगून ठेवलं आहे, पहिली फेरी यवतेश्वरची, आणि मी पुढे बसणार. त्यांची काच खाली असेल.